पत्र्याआडची ओल

पाऊस गेला की घाटकोपरच्या रस्त्यांवर पिवळट धूळ उडायला लागते. चार महिने जो चिखल होता, तोच वाळून हवेत चढलेला असतो. खड्ड्यांत टाकलेल्या खडीची चाकांखाली भुकटी होते, काँक्रीटसाठी खणलेल्या अर्ध्या रस्त्याची माती उरलेल्या अर्ध्यावर येते, आणि स्टेशनबाहेर झेंडूचे ढीग लागतात त्यांच्यावरही तीच बसते. सकाळी नऊलाच मानेवरून घाम ओघळतो. या दिवसांत लोकांना दसरा-दिवाळी आठवते. मला आमच्या गाडीचं पोट आठवतं.

पोट हा अप्पांचा शब्द. अप्पा म्हणजे माझे वडील. या मार्चमध्ये ते गेले. गाडीच्या खालच्या बाजूला ते पोट म्हणायचे. वरचा रंग लोकांसाठी असतो आणि पोट आपल्यासाठी, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडी जुन्या चालीची आहे: गोल दिवे, पुढची सीट अखंड, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, रंग सायीचा. आता ती सिग्नलला थांबली की लोक मोबाइल काढतात आणि ‘क्लासिक’ म्हणतात. अप्पांनी घेतली तेव्हा ती नुसती सेकंडहँड होती. ऑफिसातल्या एका साहेबांची बदली झाली आणि त्यांनी ती अप्पांना विकली. पंतनगरातल्या आमच्या जुन्या इमारतीसमोर उभी राहिलेली ती पहिली गाडी. आई पहिले आठ दिवस खिडकीतून तिच्याकडे बघायची आणि कुणी बघितलं की आत जायची.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत अप्पा गाडी घेऊन गावी गेले होते, बुलढाणा जिल्ह्यात. मी सात वर्षांची होते, मागच्या सीटवर गाडी लागू नये म्हणून लिंबू हुंगत बसले होते. त्या गावच्या मोठ्या आळीतून माझे आजोबा चपला हातात घेऊन चालायचे. त्याच आळीतून अप्पांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीपेक्षाही हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. ओट्यांवरची माणसं बघत होती. अप्पा मात्र रस्त्याकडे बघत होते. पुढे कितीदा तरी मी विचारलं की इतकी हळू का चालवलीत. ते म्हणायचे, रस्ता खराब होता, स्प्रिंगचे पाटे तुटले असते. एवढंच. त्यांनी दुसरं कारण कधीच कबूल केलं नाही आणि आम्हीही कधी बोलून दाखवलं नाही.

गाडी जपायची आणि तरी चालवायची, असा त्यांचा हट्ट होता. नुसती जपणारे आमच्याही ओळखीत होते. मुलुंडला एक गृहस्थ होते, त्यांची तशीच गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये बारा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. अप्पा मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. ताडपत्री काढली तर आत सगळीकडे बुरशी, टायर जमिनीकडून चपटे, आणि सीटच्या स्प्रिंगमध्ये उंदरांचं बाळंतपण. घरी येऊन अप्पांनी आईच्या जुन्या सुती चादरींचं कव्हर शिवून घेतलं. प्लॅस्टिकखाली गाडीला घाम सुटतो, सुती कपड्यातून ती श्वास घेते, असं ते सांगत. ही गोष्ट मला वयाच्या दहाव्या वर्षापासून माहीत होती, हे इथे आधीच सांगून ठेवते.

दर रविवारी सकाळी सहाला गाडी निघायची आणि कमीत कमी चाळीस मिनिटं फिरायची. त्याहून कमी फिरवली तर इंजिन नीट तापत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी राहून तो आतून कुजतो. वाण्याकडे, डॉक्टरकडे गाडी कधी नेली नाही; तिथे आम्ही चालत गेलो. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलेलं दिसलं की गाडी थांबायची. मला छत्री घेऊन खाली उतरवलं जायचं, आणि मी पाण्यातून पुढे चालत जायचे. पाणी माझ्या पोटरीच्या वर गेलं तर गाडी मागे फिरणार. विक्रोळीच्या वळणावर एकदा एक हवालदार अप्पांना ओरडले की पोरीला बुडवता की काय. अप्पांनी शांतपणे सांगितलं, तिला पोहता येतं, गाडीला येत नाही.

समुद्राचं तर त्यांना वावडंच. खारा वारा पत्रा खातो. आईला जुहूची हौस फार. वर्षातून दोनदा तरी वाळूत बसून भेळ खायचीच. अप्पा नाही म्हणत नसत. आम्ही घाटकोपरहून ऐटीत गाडीतून निघायचो, अंधेरीकडून सांताक्रूझला पोचायचो, तिथे एका ओळखीच्यांच्या इमारतीच्या आडोशाला गाडी लावायची, तिच्यावर कव्हर घालायचं, आणि पुढे जुहूपर्यंत बसने. घरची गाडी असून चौपाटीवर बसने उतरणारं कुटुंब तेव्हा आमचंच असावं. आई पिशव्या सावरत पुटपुटायची, पण एकदा वाळूत बसली की सगळं विसरायची. घरी परतताना आमच्या चपलांची वाळू झाडल्याशिवाय गाडीत प्रवेश नसायचा.

आणि मे महिन्यात पोटाचं काम. इंजिनातून काढलेलं जळकं, काळं ऑइल अप्पा डब्यात साठवून ठेवत. गावाहून आणलेल्या फवारणीच्या हातपंपात ते भरायचं, अंगात जुना बनियन घालायचा, गाडीखाली पोतं पसरून शिरायचं आणि सांध्यासांध्यांत ते मारायचं. मग गाडी लगेच बाहेर काढून, एरवी जिथे चुकूनही नेली नसती अशा कांजूरच्या कच्च्या रस्त्यावरून मुद्दाम दोन फेऱ्या. धूळ त्या ऑइलवर चिकटून थर व्हायचा. रस्त्यापासून वाचवायला रस्त्याचीच धूळ, याची त्यांना मोठी गंमत वाटे. ते ऑइल हळूहळू पत्र्याच्या फटींत उतरत राहायचं आणि पाण्याला जागा राहायची नाही. दोन दिवस घरभर त्याचा वास असायचा. अजून कुठल्या गॅरेजवरून जाताना तो आला की मी उगाच थांबते.

पावसाळा संपला की दसरा. शेजारी आपापल्या स्कूटरना हार घालायचे, चाकाखाली लिंबू ठेवायचे. आईला त्या लिंबांची हळहळ वाटायची, सरबत झालं असतं म्हणायची. आमच्याकडे पूजा नव्हती. तो धम्मचक्राचा दिवस. अप्पा पहाटे गाडी धुवायचे, पांढरा सदरा घालायचे, आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत विहारात जायचो, आणि वंदना झाली की तिथून गाडीचं पावसाळ्यानंतरचं पहिलं लांब फिरणं. पवईपर्यंत, कधी बोरिवलीपर्यंत. ओला रस्ता वाळला की गाडीचाही श्वास मोकळा होतो, असं अप्पा म्हणायचे. खिडक्या उघड्या आणि उन्हात तापलेल्या सीटचा वास. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याचशा चांगल्या सकाळी त्या गाडीत गेल्या, हे मी आता निमूट मान्य करते.

मग आई गेली. मी लग्न केलं नाही, त्यामुळे अप्पा आणि गाडी दोघंही माझ्याकडे आले, किंवा मी त्यांच्याकडे राहिले. आमची इमारत पाडून तिथे तेवीस मजल्यांची झाली. जिथे गाडी मातीत उभी राहायची तिथे आता दुसऱ्या मजल्यावर पार्किंग, गुळगुळीत फरशी, प्रत्येकाची पिवळ्या रेषेत आखलेली जागा. त्या मे महिन्यात अप्पांनी नेहमीप्रमाणे ऑइल मारलं आणि चार दिवस ते फरशीवर ठिबकलं. सेक्रेटरी वर आले. सज्जन माणूस, पण फोटो काढून आणले होते. अप्पा एवढी वर्षं ऑफिसात वावरलेले, त्यांनी माफी मागितली आणि पोतं घेऊन स्वतः फरशी पुसायला खाली बसले. ऐंशीला टेकलेले अप्पा लिफ्टसमोर गुडघ्यांवर बसून फरशी घासताहेत, आणि नव्या बिऱ्हाडांची माणसं त्यांना वळसा घालून जाताहेत. मला ते सहन झालं नाही. मी तेव्हाच ठरवलं की यावर कायमचा इलाज करायचा.

साकीनाक्याला परब मिस्त्रींचं गॅरेज आहे. गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला नाही. त्यांनी सांगितलं की हल्ली रबरासारखं काळं कोटिंग मिळतं, पोटाला एकदा मारलं की ठिबकणं नाही आणि पुन्हा बघणं नाही. पण पत्रा आधी पूर्ण वाळायला हवा, गाडी आठ दिवस उन्हात उभी राहायला हवी. सप्टेंबर चालू होता. ऊन कुठलं? मला ऑफिसातून चारच दिवस रजा मिळाली होती, आणि धम्मचक्राच्या दिवशी अप्पांना गाडी तयार दाखवायची होती. मी मिस्त्रींना म्हटलं, मोठा हॅलोजनचा दिवा लावा, पंखा लावा, वाळेल. ते नाखुशीनेच तयार झाले. सुती कव्हर का शिवलं होतं, हे मला त्या चार दिवसांत एकदाही आठवलं नाही.

काम देखणं झालं होतं. गाडीचं पोट कधी नव्हे इतकं काळंभोर आणि स्वच्छ. अप्पा वाकले, खाली हात घालून बोटांनी चाचपलं, बोटांचा वास घेतला. ऑफिसात चाळीस वर्षं शुद्ध मराठी बोललेले अप्पा मनातलं बोलायचं झालं की वऱ्हाडीवर यायचे.

“आत ओल राहिली असन, बाई.”

मला राग आला. चार दिवस रजा काढून, धावपळ करून आणलेली भेट, आणि हे काय बोलणं. मी म्हटलं, आता जरा कौतुक करायला शिका. ते हसले आणि त्यांनी कौतुक केलं. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पुढची दोन वर्षं चांगली गेली, म्हणजे वरून तरी. दर रविवारी चाळीस मिनिटं. अप्पा चालवायचे आणि मी शेजारी. रस्ते मात्र बिघडत चालले होते. मेट्रोचे खांब, अर्धवट काँक्रीट, पेव्हर ब्लॉकचे उंचवटे. अप्पा खड्डा लांबून ओळखायचे आणि गाडी अशी काढायचे की पाट्यांचा आवाज यायचा नाही. पण माणसं त्यांना उशिरा दिसायला लागली होती. असल्फाच्या वळणावर एका रविवारी त्यांनी ब्रेक जरा उशिरा दाबला आणि आमचा बंपर पुढच्या मोटारसायकलच्या नंबरप्लेटला टेकला. ओरखडाही नाही. मोटारसायकलवाला तावातावाने उतरला, आत पांढरे केस दिसले तसा थांबला, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, “काका, घरी बसा ना आता.” शिवी दिली असती तर बरं झालं असतं. अप्पांनी त्या दिवशी चाळीस मिनिटं पूर्ण केली, पण काचेतून सरळ समोर बघत.

तेव्हापासून माझ्या मनात भीती बसली. मी त्यांना चालवू नका म्हणू शकत नव्हते. आठवड्याचे सहा दिवस ते रविवारसाठी जगत होते. मी फक्त शेजारी बसून पायांनी नसलेला ब्रेक दाबत राहिले.

गेल्या ऑक्टोबरात, धम्मचक्राच्या आधी दोन दिवस, चाकं बघायला गाडी मिस्त्रींकडे नेली. त्यांनी जॅक लावला आणि दांडा फिरवला. गाडी वर यायच्या ऐवजी जॅक आत गेला. मऊ पुरणपोळीत बोट जावं तसा आवाज न करता गेला. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने कोटिंग सोललं. वर काळा थर जसाच्या तसा होता आणि त्याच्यामागे पत्रा नव्हताच. लाल भुगा होता, तो त्यांच्या तळहातावर पडत राहिला. “ताई, वरून झकास, आतून वाट लागलीये,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले की ओल कोंडली गेली, बाहेर पडायला तिला वाटच ठेवली नाही आपण. ‘आपण’ म्हणाले, हा त्यांचा चांगुलपणा. अशी गाडी एखाद्या खड्ड्यात मधोमध वाकली असती.

घरी येऊन मी अप्पांना सांगितलं की वयाने पत्रा गेला. त्यांनी मान हलवली. किती दिवस लागतील, एवढंच विचारलं. त्या वर्षी विहारात आम्ही रिक्षाने गेलो.

मिस्त्रींनी नवा पत्रा कापून, वाकवून, जोडून गाडी पाच आठवड्यांत उभी केली. नोव्हेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला, ताई, घेऊन जा. मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. हो म्हणायला तोंड उघडलं आणि मला असल्फाचं वळण दिसलं. मी म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस तुमच्याकडे. अप्पांचा फोन आला तर पत्रा मिळत नाही म्हणा.

हे मी केलं. कुणी सुचवलं नव्हतं. गाडी बिघडली होती तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण ती दुरुस्त झाल्यावर कळलं की ती नसल्याने मला किती सुटल्यासारखं झालं होतं. रविवारी मी कित्येक वर्षांत पहिल्यांदा आठपर्यंत झोपले.

अप्पा सहाला उठायचेच. आंघोळ करून, सदरा घालून खुर्चीत बसायचे. मी उठले की विचारायचे, आली का काही खबर. मी सांगायचे, त्या जाडीचा पत्रा मिळत नाही. मग ते दिवसभर तिथेच. पार्किंगपर्यंत जायला कारण उरलं नाही. आधी रोज संध्याकाळी ते खाली जाऊन गाडीवरून फडकं फिरवायचे, तिच्याभोवती दोन चकरा मारायचे; ते बंद झालं. बाजारातही जाईनात. डिसेंबरात मी त्यांना भिंत धरून चालताना पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं झालं, गाडी नाही. मला त्या विचाराची आता शिसारी येते. जपणं हा शब्द मी इतकी वर्षं अभिमानाने वापरला, आणि त्याच्या आडून मी काय काय केलं ते मलाच सांगवत नाही.

मिस्त्री तिकडे दर आठवड्याला गाडी चालू करत होते, साकीनाक्याच्या गल्लीतून फिरवून आणत होते. अप्पांनी त्यांना दोनदा फोन केला. दुसऱ्या फोननंतर मिस्त्रींनी मला फोन केला आणि हळूच म्हणाले, “ताई, त्या माणसाशी मला खोटं बोलायला लावू नका.” मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात नेते. जानेवारी उजाडला.

मग एका रविवारी अप्पा सहाला उठले नाहीत. साडेसातला मीच चहा घेऊन गेले. ते जागे होते, भिंतीकडे तोंड करून. चहा घेतला. गाडीचं विचारलं नाही. दुपारीही नाही, संध्याकाळीही नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत मी वाट बघत राहिले की आता विचारतील. सोमवारी सकाळी ऑफिसला फोन करून रजा टाकली आणि साकीनाका गाठला. मिस्त्रींनी किल्ली दिली. गाडी पहिल्या फिरकीत चालू झाली. मी ती खड्डे चुकवत, रिक्षांना वाट देत, अप्पा आणतील तशी आणली.

त्यांना खाली आणायला मला आणि वॉचमनला दोघांना हात द्यावा लागला. गाडी बघून त्यांचा चेहरा उजळला, खोटं का बोलू. त्यांनी वाकायचा प्रयत्न केला, नवं पोट हाताने चाचपायला, पण कंबर वाकली नाही. मग दार उघडून ते हळूहळू आपल्या जागी बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मी बाहेर उभी राहिले. त्यांनी डावा पाय क्लचवर ठेवला आणि दाबला. तो थोडा गेला आणि थांबला. पुन्हा दाबला. मग हाताच्या पंजाने गुडघ्यावर जोर दिला, दात आवळून, आणि तरी तो अर्ध्याच्या खाली जाईना. पाय थरथरायला लागला तेव्हा त्यांनी तो उचलून बाजूला ठेवला. मग काचेतून समोरच्या भिंतीकडे बघितलं.

“मिस्त्रीनं क्लच जड केला का वं, बाई?”

तोच क्लच दाबत मी तासाभरापूर्वी साकीनाक्याहून आले होते.

“हो अप्पा,” मी म्हटलं. “जड केलाय त्यांनी.”

“वाटलंच मले,” ते म्हणाले, आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.